नांबूरचे हिशेबनीस आणि आपण

आपल्या संस्थेच्या गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक ठराव आला होता. वैद्यकीय व्यवसायात नसलेल्या, परंतु आरोग्याच्या कामात रस असलेल्या गावातील मराठी मंडळींना सहयोगी सभासद करून घ्यावे. त्यांना मताधिकार नसावा, पण वर्षभराचे उपक्रम ठरविताना त्यांचे म्हणणे ऐकले जावे, असा त्याचा आशय होता. चर्चा दहा मिनिटेही चालली नाही. ‘उद्या ते आपल्याला औषधे लिहायला शिकवतील’ असे कुणीतरी म्हणाले, सभागृहात हशा पिकला आणि ठराव बारगळला. हसणाऱ्यांत मी होतो, आणि विरोधात हात वर करणाऱ्यांतही होतो. तो हात वर केला नसता तर बरे झाले असते, असे मला आता वाटते. का वाटते, हे सांगण्यासाठी स्मरणिकेच्या संपादकांकडून ही चार पाने मागून घेतली आहेत.

त्यासाठी वाचकांना काही काळ बेळगावपासून फार दूर, ऑस्ट्रेलियात न्यावे लागेल. तेथील क्वीन्सलंड प्रांतात नांबूर नावाचे एक लहान गाव आहे. आपल्याकडच्या संकेश्वर-हुक्केरीच्या माणसाला ते फारसे परके वाटले नसते. भोवती उसाचे मळे, गावातच साखर कारखाना, आणि उसाच्या वाघिणी ओढणारी अरुंद रेल्वे थेट बाजारपेठेच्या रस्त्यावरून जाणारी. तो कारखाना २००३ साली बंद झाला. या गावात क्लेम रेनूफ नावाचे गृहस्थ हिशेबनिसाचा, म्हणजे अकाउंटंटचा व्यवसाय करीत. १९२१ साली त्यांचा जन्म झाला तोही इंगहॅम या उत्तर क्वीन्सलंडमधील ऊसपट्ट्यातच. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी हवाई दलात सेवा केली, युद्ध संपल्यावर नांबूरला व्यवसाय मांडला आणि गावातल्या रोटरी क्लबाचे ते सभासद झाले. जगभरातल्या हजारो गावांत असे हिशेबनीस, वकील, दुकानदार अशा क्लबांचे सभासद असतात. दर आठवड्याला एकत्र जमतात, जेवतात, शाळेला बाके देतात, रक्तदान शिबिर भरवतात.

अशा क्लबांविषयी आपणा डॉक्टरांचे मत फारसे आदराचे नसते, हे आपसात तरी मान्य करायला हरकत नाही. कोटावरची पिन, हारतुरे, दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातले छायाचित्र, आणि चष्मावाटपाच्या व्यासपीठावर नेत्रतज्ज्ञापेक्षा प्रायोजकाची मोठी खुर्ची. या टीकेत तथ्य आहे. मी स्वतः अनेकदा ती केली आहे. तरीही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १९०५ साली शिकागोत रोटरीची पहिली बैठक झाली तेव्हा जमलेल्या चौघांत एक वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाणअभियंता आणि एक शिंपी होता. डॉक्टर एकही नव्हता. आणि त्या मंडळींनी प्रारंभीच्या काळात हाती घेतलेले लोकोपयोगी काम होते शहरात सार्वजनिक शौचालय बांधण्याचे. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर याहून शहाणपणाचा आरंभ एखाद्या वैद्यक परिषदेलाही सुचला असता की नाही, शंका आहे.

रेनूफ १९७८-७९ या वर्षी रोटरी इंटरनॅशनलचे अध्यक्ष झाले. तोवर या संघटनेची एक जुनी रीत होती. १९२३ साली झालेल्या एका ठरावान्वये प्रत्येक क्लबाने आपल्या गावाचे काम आपणच निवडावे, मध्यवर्ती संस्थेने सगळ्यांवर एकच काम लादू नये, असा दंडक होता. रेनूफ यांना वाटले की इतक्या देशांत पसरलेल्या माणसांनी एखादे काम सगळ्यांनी मिळूनही करावे. आरोग्य, भूक आणि मानवता या तीन शब्दांवर बेतलेली एक योजना त्यांनी आणली आणि संघटनेच्या ७५व्या वर्षाच्या निमित्ताने त्यासाठी निधी उभारण्याचे ठरले. विरोध झालाच. आपल्या सभेत झाला तसाच, ‘हे आपले काम नव्हे’ या वळणाचा.

त्याच वर्षातली ही हकिगत रेनूफ यांनी पुढे स्वतःच सांगितलेली आहे. विमानप्रवासात त्यांच्या हाती ‘रीडर्स डायजेस्ट’चा अंक आला. देवीच्या रोगाचे पृथ्वीवरून उच्चाटन कसे झाले, यावर त्यात एक लेख होता. नैसर्गिकरीत्या झालेल्या देवीच्या लागणीचा शेवटचा रुग्ण ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात सापडला होता. लेख वाचून रेनूफ यांना प्रश्न पडला, की असा आणखी एखादा रोग आहे काय, ज्याच्या बाबतीत आमच्यासारख्यांना हे करता येईल? पण त्यांनी स्वतःच त्याचे उत्तर दिले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्यांनी तो प्रश्न जॉन सेव्हर यांना विचारला. सेव्हर हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत संसर्गजन्य रोगांवर काम करणारे शास्त्रज्ञ आणि स्वतः रोटरीचे सभासद. सेव्हर यांनी सहकाऱ्यांशी, विशेषतः तोंडावाटे देण्याची पोलिओची लस तयार करणाऱ्या अल्बर्ट सेबिन यांच्याशी विचारविनिमय केला आणि कळविले, की एकच लस निवडायची असेल तर पोलिओची निवडा.

आज हे उत्तर स्वाभाविक वाटते, त्या काळी तसे ते नव्हते. देवी आणि पोलिओ यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. देवी झालेला माणूस लपत नाही. चेहराच साक्ष देतो. पोलिओच्या विषाणूचा संसर्ग झालेल्या सुमारे २०० मुलांपैकी एखाद्यालाच लुळेपणा येतो, बाकीची हसतखेळत विषाणू पसरवीत असतात. देवीची लस उन्हाळ्यात टिकत असे आणि एकदा टोचली की पुरे. पोलिओचे थेंब बर्फाच्या पेटीतून न्यावे लागतात आणि पुनःपुन्हा द्यावे लागतात. देवीनिर्मूलन मोहिमेचे नेतृत्व केलेले डी. ए. हेंडरसन हेच पोलिओच्या निर्मूलनाबाबत अनेक वर्षे साशंक होते. म्हणजे ज्यांच्या पराक्रमाची कथा वाचून रेनूफ यांच्या डोक्यात विचार आला, त्यांनाच तो विचार पटत नव्हता!

हा प्रश्न डॉक्टरला का पडला नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. १९९३ साली मी इंटर्न होतो. बालरुग्ण विभागात पावसाळा संपता संपता लुळे पाय घेऊन मुले येऊ लागत. आईची कैफियत बहुधा एकच असे. ताप आला म्हणून जवळच्या दवाखान्यात नेले, डॉक्टरांनी सुई दिली, दुसऱ्या दिवसापासून पोर तो पाय उचलेना. आम्ही तिला समजावीत असू की सुईचा दोष नाही, हा पोलिओ आहे. ते अर्धेच सत्य होते. शरीरात विषाणू असताना स्नायूत दिलेल्या इंजेक्शनामुळे त्याच अवयवाला लुळेपणा येण्याचा धोका वाढतो, हे तेव्हाही पाठ्यपुस्तकात होते. तापाला सुई द्यायची सवय आपल्याच व्यवसायबंधूंची होती, आणि आई निरक्षर असली तरी तिचे निरीक्षण बरोबर होते. आम्ही त्या मुलांचे स्नायू तपासले, गुण मांडले, कॅलिपर लिहून दिले, आणि दुसऱ्या वर्षी पावसाळ्यानंतर येणाऱ्या मुलांसाठी खाटा रिकाम्या ठेवल्या. ‘ही मुले यायची थांबतील काय?’ असे आमच्यापैकी कुणी विचारल्याचे मला आठवत नाही. खाटेवरच्या रुग्णात गुंतलेल्या माणसाला तो प्रश्न सुचत नाही. त्यात दोष आहे असे नव्हे, पण तो सुचत नाही खरा. हिशेबनिसाला सुचतो. कोणते खाते कायमचे बंद करता येईल, हे पाहण्याची त्याच्या नजरेला सवय असते, असे मला वाटते.

पुढचा इतिहास बालरोगतज्ज्ञांना परिचित आहे. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. रोटरीने या योजनेतले पहिले अनुदान फिलिपिन्सला दिले. ७ लाख ६० हजार डॉलर आणि सुमारे ६० लाख मुले. २९ सप्टेंबर १९७९ रोजी मनिलालगतच्या मकाती येथील आरोग्य केंद्रात रेनूफ यांच्यानंतरचे अध्यक्ष जेम्स बोमर यांच्या हस्ते पहिले थेंब पाजले गेले. १९८५ मध्ये १२ कोटी डॉलर उभे करण्याचा संकल्प जाहीर झाला, आणि १९८८ पर्यंत २४ कोटी ७० लाख जमले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य सभेने पोलिओनिर्मूलनाचा ठराव केला. त्या वेळी जगात दरवर्षी साडेतीन लाख मुले लुळी होत असल्याचा अंदाज होता.

भारतात या कामाला शास्त्रीय बैठक देणाऱ्यांत वेल्लोरचे डॉ. टी. जेकब जॉन अग्रगण्य होत. थेंबांच्या तीन मात्रा पाश्चात्त्य देशांत पुरतात, आपल्याकडच्या मुलांना पुरत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले; आणि ठरावीक दिवशी सगळ्या मुलांना एकदम लस देण्याची पद्धत वेल्लोर शहरात स्थानिक रोटरी क्लबाच्या साहाय्याने राबविली. प्रश्न विचारणारा सामान्य नागरिक आणि उत्तर शोधणारा डॉक्टर हीच जोडी तेथेही दिसते. ९ डिसेंबर १९९५ रोजी पल्स पोलिओची पहिली देशव्यापी फेरी झाली, तेव्हा मी एम.डी.चा विद्यार्थी होतो. पहिल्या वर्षी तीन वर्षांखालील मुलांपुरतीच मोहीम होती. पाच वर्षांची मर्यादा त्यानंतर आली.

आता पुन्हा आपल्या भागाकडे वळतो. २००२ साली देशात पोलिओचे १६०० रुग्ण सापडले, त्यांतले बहुसंख्य उत्तर प्रदेशातले. २००३ मध्ये आपल्या कर्नाटकातही त्याने पुन्हा डोके वर काढले. त्यानंतर जानेवारी २००४ च्या फेरीची तयारी चालू असताना मी व्यवसायात तसा नवाच होतो आणि एका केंद्रसमूहाची देखरेख माझ्याकडे होती. शहापूर आणि वडगावच्या विणकर गल्ल्यांच्या याद्या माझ्यापुढे होत्या. एका क्लबाचे सभासद असलेले खडेबाजारातले एक कापड व्यापारी स्वयंसेवक म्हणून आले होते. वयाने मला वडिलांसारखे. त्यांनी चष्मा पुसून यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, “डॉक्टर, रागावू नका, पण यात ऊसतोडीच्या टोळ्यांची पोरं कुठं आहेत?”

मला राग आलाच. याद्या शासनाच्या होत्या, घरांना क्रमांक होते, आणि हे कापड विकणारे गृहस्थ मला सर्वेक्षण शिकवीत होते. मी म्हणालो, “काका, ती मंडळी फिरती. त्यांचा पत्ता कुणाला ठाऊक?”

“कारखान्याला ठाऊक असतोय की! उचल दिलेली असते त्यांनी. पैसे दिलेला माणूस पत्ता सोडत नाही. विचारूया की.”

दुसऱ्या दिवशी ते एका साखर कारखान्याच्या शेतकी कार्यालयात जाऊन आले. कोणत्या मुकादमाची टोळी कोणत्या गावच्या शिवारात उतरली आहे, कोयते किती, याची नोंद तेथे होतीच. गाळप हंगाम भरात होता. हाताने उतरवून घेतलेली ती चार पानांची यादी त्यांनी माझ्यापुढे ठेवली. फेरीच्या दिवशी पहाटे आम्ही त्यांच्याच जीपमधून निघालो, कारण उजाडल्यावर टोळी फडात जाते आणि कोप्यांवर फक्त लहान मुले आणि त्यांना सांभाळणारी जरा मोठी मुले उरतात. पाचटाच्या कोपीसमोर शेकोटीशी बसलेल्या त्या मुलांपैकी कित्येकांना त्याआधी एकही थेंब मिळालेला नव्हता. गावाकडे फेरी झाली तेव्हा ती इकडे, आणि इकडे फेरी झाली तेव्हा ती वाटेवर. माझ्या शासकीय याद्यांनुसार आमचे काम शंभर टक्के झाले असते. त्या यादीतली घरे खरी होती, आकडे खरे होते, आणि ही मुले तिच्यात नव्हती.

या प्रसंगाचे सारे श्रेय क्लबाला द्यावे असे मी म्हणत नाही. भारतातून पोलिओ गेला तो मुख्यतः अंगणवाडी सेविका, परिचारिका आणि पुढे आशा कार्यकर्त्या यांच्या पायपिटीमुळे, शासनाच्या पैशामुळे, आणि २०१० पासून वापरात आलेल्या दोन प्रकारांवरील संयुक्त लसीमुळे. २००९ साली देशात ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२, आणि १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळलेली बालिका शेवटची ठरली. २७ मार्च २०१४ रोजी आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्या आनंदसोहळ्यांत आम्ही बालरोगतज्ज्ञ पुढच्या रांगेत होतो. तो कापड व्यापारी तोवर हयात नव्हता.

रेनूफ यांच्या कल्पनेवर गंभीर आक्षेपही घेतले गेले आहेत, आणि ते आक्षेप घेणारे मूर्ख नव्हते. १९७८ साली अल्मा-अता येथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला, आणि लगेच एकाच रोगाचा पाठलाग सुरू झाला. यामुळे पैसा व माणसे इतर कामांपासून दूर ओढली गेली, असे अनेक जाणकार म्हणत आले. फेरीच्या आठवड्यात आपल्या आरोग्य केंद्रांतले बाकीचे काम ठप्प झालेले मी पाहिले आहे. मोहीम २००० सालापर्यंत संपायची होती. जून २०२० मध्ये रेनूफ ९९ वर्षांचे होऊन निवर्तले, तेव्हाही पाकिस्तान आणि अफगाणिस्तान शिल्लक होते. २०२१ मध्ये जगभरात वन्य विषाणूचे अवघे ६ रुग्ण होते. २०२४ मध्ये त्या दोन देशांत मिळून ९९ झाले. शिवाय जिवंत लसीतल्याच विषाणूने क्वचित रूप बदलून लुळेपणा आणण्याचा प्रश्न आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मेघालयातल्या एका बालकाच्या बाबतीत तो आपल्या देशातही समोर आला. जेकब जॉन टोचण्याच्या मृत लसीचा आग्रह कितीतरी आधीपासून धरीत होते; ती आपल्या नियमित लसीकरणात आली नोव्हेंबर २०१५ मध्ये. हिशेबनिसाने काढलेले खाते अजून बंद झालेले नाही, आणि उघडताना वाटला होता त्याहून खर्च फार मोठा झाला, हे मान्य केले पाहिजे.

पण हे आक्षेप उत्तराविषयीचे आहेत. कोणता रोग, कोणती लस, किती वर्षे, हे ठरविणे तज्ज्ञांचे काम होते. त्यात जे चुकले ते बहुतांशी तज्ज्ञांचे चुकले. सामान्य माणसाने प्रश्न विचारण्याची आगळीक केली, ही चूक नव्हती.

आपल्या संस्थेचे गेल्या दहा वर्षांतले कार्यक्रम मी कार्यवृत्तांतावरून पाहून काढले. व्याख्याने, स्नेहसंमेलने, निवृत्तांचे सत्कार, वर्षाला दोन मधुमेह तपासणी शिबिरे. शिबिरे नेहमी टिळकवाडीत किंवा कॅम्पात, म्हणजे जेथे आपले दवाखाने आहेत आणि जेथे मधुमेहाची तपासणी लोक स्वखर्चाने करून घेतातच. रविवारी सकाळी घेतली, कारण ती वेळ आपल्या सोयीची. एखाद्या यंत्रमागवाल्याला किंवा भाजी-बाजारातल्या अडत्याला आपण बोलावून विचारले असते, तर त्याने पहिल्याच मिनिटाला सांगितले असते की त्याच्याकडचा कामगार कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी मोकळा असतो. दहा वर्षांत आपल्याला हे कुणी विचारले नाही, कारण विचारू शकेल असे कुणी आपल्या बैठकीत बसतच नाही.

सभेत व्यक्त झालेली भीती अगदीच निराधार नाही. सहयोगी सभासद घेतले तर दोन-चार फलकप्रेमी येतील, एखादा आपल्या दुकानाचे नाव छापण्याचा हट्ट धरील, कुणी चुंबकचिकित्सेवर व्याख्यान ठेवा म्हणेल. तेव्हा नाही म्हणावे लागेल, आणि ते म्हणण्याची ताकद आपल्यात हवी. सेव्हर यांनीही रेनूफ यांच्या पत्राला होकारार्थी उत्तर दिले ते भिडेपोटी नव्हे. चौकशी करून दिले. गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा आपल्या आसपासची कोणती मुले चुकवतात, हा आजचा प्रश्न आहे. ऊसतोडीच्या टोळ्या दर हंगामाला येतात, आता वीटभट्ट्यांवर आणि इमारतींच्या बांधकामांवरही परप्रांतीय कुटुंबे असतात. त्यांची नावे आपल्या दवाखान्यांच्या नोंदवह्यांत नाहीत. ठेकेदारांच्या वह्यांत आहेत, आणि ते ठेकेदार आपल्यापैकी कुणाचे शेजारी आहेत, कुणाचे रुग्ण आहेत.

तो ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे पुन्हा ठेवावा, असे पत्र मी कार्यवाहांना दिले आहे. सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदकाची जागा अद्याप रिकामी आहे.